दंडावरच्या वणाची दुसरी गोष्ट

मंडळी, बाही वर करून दंड पाहा. चाळिशी-पन्नाशीतल्या बहुतेकांच्या दंडावर बीसीजीचा वण असेल. टीबीची लस. हीच लस मूत्राशयाच्या कॅन्सरवर औषध आहे म्हटलं तर टपरीवर कोणी मानत नाही. पण आहे, आणि अर्धशतकापासून आहे.

आधी उपाय होता गाठ काढायचा. 1910 मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन बीर यांनी पोट न फाडता, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून विजेने गाठ जाळली. आजही सुरुवात दुर्बिणीनेच होते. अडचण ही की गाठ पुन्हा उगवते, आपल्या वावरातल्या गाजर गवतासारखी.

बीसीजी फ्रान्सची. काल्मेत आणि गेरँ यांनी गायीच्या टीबीचा जंतू तेरा वर्षं वाढवत वाढवत दुबळा केला, 1921 मध्ये पहिल्या बाळाला दिला. 1929 मध्ये रेमंड पर्ल यांना शवविच्छेदनाच्या नोंदींत टीबीवाल्यांमध्ये कॅन्सर कमी दिसला. मग बरीच वर्षं गप्प. 1976 मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनचे डॉ. अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांचा अनुभव छापला: नळीने मूत्राशयात बीसीजी, आठवड्याला एक, असे सहा डोस. गाठी परत येणं घटलं. सहाच का? लस सहाच्या पाकिटात यायची म्हणून, असं सांगतात!

जिवंत जंतू अस्तराला चिकटतो, शरीराची फौज धावते, त्यात कॅन्सरच्या पेशीही मरतात. पण रोग स्नायूत शिरला नसेल तरच. आणि सगळ्यांना ती लागत नाही. किरकोळ गाठीला दुर्बीण आणि केमोचा एखादा डोस पुरतो.

2012 मध्ये टोरँटोचा कारखाना बंद पडला, जगात टंचाई झाली. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं हे औषध कॅनडालाही जातं. म्हणजे जिथे शोध लागला, तिथे आपल्याकडून.

आणि नेरात? लघवी लाल झाली की "उन्हाळी लागली" म्हणून सब्जा भिजतो. उन्हाळीत जळजळ होते. या रोगात बरेचदा काहीच दुखत नाही, रक्त येतं आणि आपोआप थांबतं. मग माणूस विसरतो. बिडी-सिगारेटवाल्यांनी तर विसरूच नये, या रोगाचं सगळ्यात मोठं कारण तेच.

उपचाराला अमरावती नाहीतर नागपूर. सहा आठवडे सहा फेऱ्या, दरवेळी औषध दोनेक तास धरून ठेवायचं, नंतर ठरल्या वेळी दुर्बिणीची तपासणी. सरकारी योजनेत बसतं का, ते निघण्याआधीच विचारून घ्या.