गजकर्णाचे औषध : गोव्याची भुकटी आणि आपला तरोटा

मृगाचा पाऊस पडला की वर्धा जिल्ह्यात धुऱ्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला तरोटा उगवतो. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी आपल्याकडे आवडीने खाल्ली जाते. याच दिवसांत घाम व ओले कपडे यांमुळे गजकर्णही बळावते. तरोट्याला संस्कृतात 'दद्रुघ्न', म्हणजे दादेचा नाश करणारा, असे नाव आहे. युनानी हकीम त्याला पंवाड म्हणतात. दोन्ही वैद्यकांनी त्याचे बी गजकर्णावर वापरले. परंतु त्यातील कोणता घटक बुरशीला मारतो, याचे उत्तर फार दूरच्या वाटेने मिळाले.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत गजकर्णावर 'गोवा पावडर' नावाची पिवळसर भुकटी विकली जात असे. १८६४ साली मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी तिच्याकडे इंग्लंडमधील औषधतज्ज्ञांचे लक्ष वेधले. भुकटी गोव्याहून येई, म्हणून ती गोव्याचीच, असा लोकांचा समज होता. १८७४ साली ब्राझीलमधील बाहिया येथील डॉ. दा सिल्वा लिमा यांनी दाखवून दिले की, ती त्यांच्याकडील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांतून खरवडून काढतात. ब्राझील व गोवे या दोन्ही ठिकाणी पोर्तुगीजांचे राज्य होते. त्याच दर्यावर्दी संबंधातून ती आपल्या किनाऱ्याला लागली होती.

वनस्पतीची खरी ओळख पटणे किती महत्त्वाचे, हे मद्रासचे डॉ. मूदीन शरीफ यांनी ओळखले होते. १८६९ साली त्यांनी 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' या ग्रंथाला पुरवणी लिहून औषधांची अनेक भाषांतील नावे ताडून दिली. नावाची गफलत झाली की औषधाचीही होते!

पुढे १८७८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबरमान व साइडलर यांनी या भुकटीतील मुख्य द्रव्य वेगळे ओळखले आणि त्याला 'क्रायसारोबिन' म्हटले. ते गुणकारी खरे, पण त्वचेची आग करणारे, डोळ्यांना घातक आणि कपड्यांवर न जाणारे डाग पाडणारे होते. १९७५ साली आचार्य व चॅटर्जी या भारतीय संशोधकांनी तरोट्याच्या बियांतील बुरशीनाशक द्रव्य वेगळे केले. ते क्रायसारोबिनमधील प्रमुख द्रव्यच निघाले! जे सातासमुद्रापलीकडून येत होते, ते आपल्या धुऱ्यावरच होते.

विद्यार्थी मित्रांनो, यावरून तरोट्याचा लेप लावत बसावे, असा अर्थ कृपया काढू नका. झाडातील द्रव्याचे प्रमाण निश्चित नसते, आणि तीव्र द्रव्याने कातडी भाजते. आज प्रश्न अधिक बिकट झाला आहे. आपल्याकडे पसरलेल्या एका बुरशीला २०२० साली 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' हे नाव मिळाले. नेहमीची टर्बिनाफिन गोळी तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉईडयुक्त मलमाने खाज थांबते, पण आत बुरशी वाढतच राहते.

पालकांना विनंती की, लाजेपोटी मुलामुलींचा आजार लपवू नये. घरातील प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवावा, कपडे उन्हात वाळवावेत, घरात एकापेक्षा अधिक जणांना आजार असल्यास सर्वांनी एकदमच डॉक्टरांकडे जावे आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध सोडू नये.

वाडवडिलांचे इल्म अनमोल आहे. ते पारखून घेणे हे शिकलेल्या पिढीचे कर्तव्य आहे. तरोट्याची भाजी खाणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी कोणी उद्या प्रयोगशाळेत उभे राहून हे काम पुढे नेईल, अशी उमेद आम्ही बाळगतो.