इंधन-नॉझलच्या जागेचा इतिहास : अमेरिकन ड्रॅग शर्यतीतील यांत्रिक इंजेक्शन पद्धतीचा एक अभ्यास

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाच्या इतिहासात मोठ्या शोधांना मानाचे स्थान मिळते. यंत्रातील एखादा लहानसा भाग कोठे बसवावा, या प्रश्नाचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय असाच लहान आहे. ड्रॅग शर्यतीत दोन गाड्या उभ्या स्थितीतून निघून सरळ पट्ट्यावर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, धावतात. काही सेकंदांत संपणाऱ्या या शर्यतीत इंधनाचा फवारा हवेत कोठे मिसळावा, या प्रश्नावर तंत्रज्ञांनी अनेक दशके विचार केला. नॉझल सिलिंडरच्या जवळ जवळ सरकत गेले, असा या इतिहासाचा सोपा अर्थ लावला जातो. तो अपुरा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) नॉझलच्या जागेत झालेल्या बदलांची कारणे शोधणे.
२) या बदलांतून व्यावहारिक ज्ञान कसे घडत गेले, हे पाहणे.

लेखासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

हिलबॉर्न यांची पद्धती :

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर हौशी तरुण जुन्या फोर्ड गाड्या पळवीत असत. स्टुअर्ट हिलबॉर्न (१९१७-२०१३) हे त्यांपैकी एक होत. १९४८ मध्ये एल मिराज येथे त्यांच्या गाडीने ताशी १५० मैलांची मर्यादा ओलांडली. या गाडीच्या इंजिनाला त्यांनी स्वतः तयार केलेली इंजेक्शन पद्धती बसवली होती. पुढे १९५० मध्ये सांता ॲना येथील धावपट्टीवर नियमित ड्रॅग शर्यती सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन झाली. हिलबॉर्न यांच्या पद्धतीला या नव्या खेळात मोठे क्षेत्र मिळाले.

या पद्धतीत इंजिनावर चालणारा पंप अखंड इंधन पुरवतो. थ्रॉटलला जोडलेली झडप त्याचे नियमन करते आणि बायपास जेटमधून जादा इंधन टाकीत परत जाते. एकूण इंधन किती, हे मुख्यतः पंप व बायपास जेट ठरवतात. ते कोणत्या जागी किती वाटायचे, हे नॉझलचे स्थान व छिद्राचा व्यास ठरवतात. इंधन सतत वाहत असल्याने फवाऱ्याची वेळ साधण्याचा प्रश्न येथे नव्हता. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल गाडीत फवारा ठरावीक क्षणी थेट सिलिंडरमध्ये जात असे. हिलबॉर्न यांच्या पद्धतीत तशी सोय नसल्यामुळे ‘केव्हा’ या प्रश्नापेक्षा ‘कोठे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

इंधनाचे परिमाण :

या प्रश्नाचे गांभीर्य इंधनाच्या स्वरूपावरून लक्षात येते. एक किलो हवेबरोबर पूर्ण ज्वलनासाठी पेट्रोल सुमारे ६८ ग्रॅम, मेथेनॉल सुमारे १५५ ग्रॅम, तर नायट्रोमिथेन सुमारे ५९० ग्रॅम लागते. एवढे द्रव इंधन हवेबरोबर वळणे घेत जाईलच, असे नाही. हवा वळते, पण जड थेंब सरळ जाऊन भिंतीवर आदळतात. परिणामी एका सिलिंडरला इंधन जास्त व दुसऱ्याला कमी मिळते. कमी इंधनाच्या सिलिंडरमध्ये तापमान व दाब आवाक्याबाहेर जाऊन पिस्टन वितळू शकतो किंवा इंजिन फुटू शकते आणि त्या इंजिनाच्या अगदी जवळ चालक बसलेला असतो.

वरची जागा व खालची जागा :

सुपरचार्जर नसलेल्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र हवानळी व स्वतंत्र नॉझल असल्याने वाटपाचा प्रश्न बराचसा सुटत असे. १९५० च्या दशकात जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनांवरील रूट्स प्रकारचे सुपरचार्जर शर्यतीच्या गाड्यांवर बसू लागले, तेव्हा परिस्थिती बदलली. आता सर्व सिलिंडरांची हवा एकाच मुखातून आत येऊ लागली. साहजिकच नॉझलही सुपरचार्जरच्या वर, हवा आत घेणाऱ्या टोपणात बसवले गेले.

या जागेचे लाभ खरे होते. मेथेनॉलची बाष्पीभवन-उष्णता पेट्रोलच्या सुमारे तिप्पट आहे. ते वरून फवारले असता दाबली जाणारी हवा थंड व दाट होते. शिवाय सुपरचार्जरचे रोटर थंड राहतात आणि त्यांच्यामधील फटी ओल्या इंधनाने काही अंशी बुजतात. परंतु सुपरचार्जरमधून बाहेर पडणारे मिश्रण पुढच्या व मागच्या सिलिंडरांत समान वाटले जात नसे. गाडीच्या प्रचंड त्वरणामुळे द्रव इंधन मागे ढकलले जाण्याची प्रवृत्तीही त्यात भर घालीत असे.

यावर उपाय म्हणून मॅनिफोल्डमध्ये, प्रत्येक सिलिंडरच्या मार्गाशी, आणखी नॉझल बसवले गेले. एखाद्या सिलिंडरपुरते छिद्र लहान-मोठे करून तेथील मिश्रण सुधारता येऊ लागले. अर्थात नवी अडचणही आली. टोपणातील नॉझलभोवती वातावरणाचा दाब असतो, तर खालच्या नॉझलला सुपरचार्जरच्या वाढीव दाबाविरुद्ध इंधन सोडावे लागते. पंपाचा दाब कमी असताना खालून इंधन कमी जाते. म्हणून वर व खाली यांच्यातील वाटणी हाच एक स्वतंत्र अभ्यासविषय बनला. पुढे सिलिंडर-हेडमध्येही नॉझल आले.

वरचे नॉझल मात्र गेले नाहीत. आजच्या टॉप फ्युएल इंजिनात साधारणपणे टोपणात १०, मॅनिफोल्डमध्ये १६ व हेडमध्ये १६, अशी सुमारे ४२ नॉझल असतात. वरचे थंडावा देतात. खालचे वाटप साधतात.

नियमांची मर्यादा :

या वर्गात इंधनाचे संगणकीय नियंत्रण नियमाने निषिद्ध आहे. संवेदकांनी प्रत्येक सिलिंडरच्या निष्कास वायूचे तापमान नोंदता येते, पण ती नोंद वाचून पुढच्या फेरीसाठी नॉझल बदलण्याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा यांच्या इंजिनाचा स्फोट होऊन झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर सर्वोच्च वर्गांचे अंतर १,००० फुटांवर आणले गेले. त्या अपघाताचे खापर नॉझलवर फोडता येणार नाही. मात्र इंजिनातील बिघाडाची किंमत किती मोठी असू शकते, हे त्यावरून कळते.

निष्कर्ष :

१) नॉझलच्या जागेचा इतिहास हा स्थलांतराचा नसून विस्ताराचा इतिहास आहे. नव्या जागेने जुनी जागा रद्द केली नाही. तिचे काम अधिक नेमके केले.
२) प्रत्येक बदलामागे एखादी ठोस अडचण होती : हवेचे तापमान, असमान वाटप किंवा विरुद्ध दाब.
३) हे ज्ञान प्रामुख्याने कार्यशाळेत, जळालेल्या पिस्टनच्या व नोंदींच्या वाचनातून घडले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधाच्या तारखेइतकेच महत्त्व अशा संचित दुरुस्त्यांना दिले पाहिजे. ‘जुने टाकून नवे आले’ हे सूत्र अध्यापनात सरसकट वापरण्यापूर्वी जुन्याने कोणते काम कायम ठेवले, हेही तपासणे आवश्यक आहे.