खिडकीपलीकडचा खेळाडू

टीव्हीवर खेळायच्या खेळांचा इतिहास बहुधा यंत्रे घडविणाऱ्यांच्या बाजूने सांगितला जातो. घरोघरचा टीव्ही नुसता पाहण्यापुरताच का असावा, त्यावर खेळताही यावे, ही कल्पना १९६६ साली राल्फ बेअर या अभियंत्याला सुचली. नाझी राजवटीच्या जाचातून सुटून १९३८ साली अमेरिकेच्या आश्रयाला गेलेल्या एका ज्यू कुटुंबातले ते गृहस्थ. त्यांच्या कल्पनेतून १९७२ साली ‘मॅग्नावॉक्स ओडिसी’ हे घरी खेळायचे पहिले यंत्र बाजारात आले. पुढे १५ जुलै १९८३ रोजी जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ आणले आणि सप्टेंबर १९८५ मध्ये त्यावर खेळायचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ. हे सारे ग्रंथांतून नोंदलेले आहे. परंतु ही यंत्रे आमच्या झरीसारख्या गावी पोहोचली तेव्हा मुलांच्या मैत्रीचे काय झाले, याची नोंद कोण ठेवणार? ती ज्याची त्यानेच ठेवायची असते.

आमचे वडील शिक्षक. १९९३ सालच्या नाताळाला त्यांनी वापीच्या बाजारातून एक खोके आणले. तलासरी तालुका गुजरातच्या सीमेला लागून असल्याने इकडच्या लोकांना नवलाईच्या वस्तूंसाठी वापीच जवळची. खोक्यातले यंत्र अस्सल जपानी नव्हते. ती फॅमिकॉमची नक्कल होती. अशा नकला त्या काळी देशभर निरनिराळ्या नावांनी खपत. आम्ही मुले त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणत असू. खेळाची ती ‘कॅसेट’ आणि हातात धरायचा तो ‘रिमोट’. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात खेळ मोजकेच, तेच पुन्हा पुन्हा येत.

यंत्र चालू करणे हाही एक सोहळाच असे. अँटेनाची वायर काढायची, त्या जागी यंत्राची जोडायची आणि मुंग्यांतून चित्र उमटेपर्यंत टीव्हीचे बटन फिरवीत राहायचे. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात जोराने फुंकर मारायची. त्या फुंकरीत काही गुण नव्हता. काढून पुन्हा बसविल्यामुळे पिना नीट टेकत इतकेच, उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या गंजत, हे ज्ञान फार पुढचे. रिमोट दोन आणि मुले डझनभर. म्हणून नियम ठरला : एक ‘लाइफ’ गेली की रिमोट पुढच्याच्या हाती. मध्येच वीज गेली तर सारा पराक्रम वाया. मारिओ पुन्हा पहिल्या पायरीवर.

या डझनभरात एकाची गणना नव्हती. शेजारच्या वाडीत राबणाऱ्या वारली कुटुंबातला, आमच्याच वर्गातला तो मुलगा. तो खिडकीचे गज धरून बाहेर उभा राही. त्याला कोणी येऊ नको म्हटले नव्हते. पण ये असेही कोणी म्हटले नव्हते. पाहून पाहून त्याला मारिओची पहिली पायरी पाठ झाली होती. पहिल्या खड्ड्याआधी हवेत लपलेली जादा लाइफ कोठे आहे, चौथ्या नळातून खाली उतरले की नाण्यांची खोली कशी लागते, हे तो बाहेरून हळूच सांगे. आम्ही त्याचे ऐकून जिंकत असू.

एके दिवशी आईचे लक्ष गेले. “अरे, बाहेर का उभा? आत ये की!” ती म्हणाली आणि आमच्या हातचा रिमोट तिने त्याला दिला. सारी वाट ठाऊक असलेल्या त्या मुलाच्या बोटांना मात्र बटनांची ओळख नव्हती. पहिल्याच शत्रूवर त्याचा मारिओ आपटला आणि आम्ही सारे खो खो हसलो. त्याने रिमोट अलगद खाली ठेवला, चपला नव्हत्याच, तसाच निघून गेला. पुन्हा तो खिडकीशी आला नाही.

पुढे महाविद्यालयात गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचनात आले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. २३ मे १९४५ रोजी याच झरीत किसान सभेच्या मेळाव्याला हजारो वारली जमले होते आणि वेठ करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला होता. जमीनदाराच्या अंगणात मान खाली घालून उभे राहायचे नाही, हे ज्या गावाने ठरविले, त्याच गावात अठ्ठेचाळीस वर्षांनी एक मुलगा आमच्या खिडकीबाहेर उभा होता. आणि आम्हांला त्यात वावगे काहीच दिसले नव्हते! जमीनदार तर आम्ही नव्हतो. पण रिमोट आमच्या हाती होता.

वाचकहो, ते यंत्र केव्हाच मोडीत गेले. आता मुलांच्या मुठीतल्या मोबाइलवर त्याहून कितीतरी मोठे खेळ मावतात आणि तो खेळ पाहायला खिडकीशी कोणी उभे राहत नाही. तरीही घरात नवी वस्तू आली की आम्ही अजून एकदा खिडकीकडे पाहतो. त्या हसण्याबद्दल क्षमा मागायची राहूनच गेली आहे.