कानशिलाची खिडकी

चौल हें एके काळीं केवढें बंदर होतें, हें सांगावयास टॉलेमीपासून रशियन प्रवासी निकितिनपर्यंत साक्षीदार आहेत. आज तेथें नारळीपोफळीच्या वाड्या आहेत. परंतु रेवदंड्याच्या पुलावरून ओहोटीच्या वेळीं खाडी पाहावी. खांबांमधील अरुंद वाटेनें पाणी मोकळ्या पात्रापेक्षां अधिक वेगानें धांवतें. याच साध्या गोष्टीवर आमच्या एका आप्तांच्या दुखण्याचें निदान झालें, म्हणून हा लेख.

चौलच्या त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचा उजवा हात एके सकाळीं पूजेंत असतां लुळा पडला व वाचा गेली. गुठळी विरघळविणारें औषध झटक्यापासून साडेचार तासांच्या आंत द्यावयाचें असतें. आमचा बराच वेळ "जरा पडूं द्या, बरें वाटेल" यांतच गेला. अलिबागेहून मुंबईस नेल्यावर, मेंदूंत रक्तस्राव नाहीं हें सी. टी. स्कॅननें ठरलें. मग डॉक्टरांनीं कानशिलावर पेन्सिलीएवढें यंत्र टेकविलें. सूं-सूं आवाज येऊं लागला. डाव्या बाजूस एके जागीं रक्ताचा वेग दुपटीहून अधिक भरला. तेथें वाहिनी आकसली होती.

आपण या रोगाचें खापर वायूवर फोडलें, हें 'अर्धांगवायु' या नांवांतच आहे. अफझलखानाच्या वधाच्या आदल्या वर्षीं, १६५८ सालीं, स्वित्झर्लंडच्या वेप्फर या वैद्यानें झटक्यानें मेलेल्यांचे मेंदू उघडून रक्तस्राव दाखविला. पण मेलेल्याचा मेंदू बोलून काय उपयोग! जिवंतांत रक्त कसें वाहतें, हें कळण्याची वाट आकाशांतून आली. प्राग येथें १८४२ सालीं ख्रिश्चन डॉप्लर यानें ताऱ्यांच्या रंगांविषयीं विचार करतांना सांगितलें कीं, उगम जवळ येत वा दूर जात असेल, तर लहरींची कंपनसंख्या बदललेली भासते. १८४५ सालीं हॉलंडांत बाइस बॅलट यानें धांवत्या आगगाडीवर तुताऱ्या वाजवून हें पडताळलें. आपल्याकडे बोरीबंदराहून ठाण्यास गाडी जावयास अजून आठ वर्षें होतीं.

जपानांत सातोमुरा यांनीं १९५० नंतरच्या दशकांत ही युक्ति हृदयास लावली. मेंदूपाशीं मात्र कवटी आडवी आली. १९८२ सालीं बर्न येथें रूने आस्लिड व सहकाऱ्यांनीं कानशिलाचें पातळ हाड निवडून, सेकंदास २० लक्ष कंपनांचा ध्वनि आंत सोडला. ही खिडकी सर्वांस सारखी उघडत नाहीं. वृद्ध स्त्रियांत पुष्कळदां बंदच असते. शिवाय यंत्राहून हात अधिक तरबेज लागतो.

या यंत्राचें सर्वांत मोठें यश झटका येण्यापूर्वींचें आहे. अमेरिकेंत सिकल सेलच्या ज्या मुलांत हा वेग सेकंदास २०० सेंटिमीटर वा अधिक भरला, अशा १३० जणांवरील प्रयोग १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. नियमित रक्त दिलेल्या गटांत एकास झटका आला. न दिलेल्यांत अकरा जणांस. विदर्भांत व सातपुड्यांत हा आजार अनेक घरांत आहे. यंत्र पेटींत मावतें, तें तेथवर न्यावयास अडचण वाहनाची खास नव्हे.

आमच्या आप्तांकडील पूजा आतां नातू करतो. ते शेजारीं बसून मंत्र म्हणतात, मध्येंच अडखळतात, आणि नातवाचें चुकलें कीं डाव्या हातानें त्याला टपली मारतात.