शालेय गणवेश

शालेय गणवेश : शाळेने ठरवून दिलेला आणि तिच्या सर्व विद्यार्थ्यांनी घालायचा पोशाख. सदरा, चड्डी किंवा विजार, मुलींसाठी पिनाफोर, स्कर्ट-ब्लाउज किंवा सलवार-कमीज-ओढणी हे त्याचे मुख्य भाग. बूट, मोजे, पट्टा, टाय आणि रिबिनी ही त्याची जोड. गणवेश सक्तीचा असावा की नसावा, यावर शिस्त, समता आणि व्यक्तिस्वातंत्र्य या अंगांनी जगभर चर्चा झाली आहे. महाराष्ट्रातील जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका शाळांपुरता हा प्रश्न मुख्यतः पुरवठ्याचा आहे. शाळा उघडते त्या दिवशी मुलाच्या अंगावर मापाचा गणवेश आहे का, हे आधी पाहावे लागते. सक्ती करणाऱ्याने गणवेश आधी हातात द्यावा, एवढे मान्य केले की या वादाचा मोठा भाग सुटतो. प्रस्तुत नोंदीत म्हणून कापड, माप व शिलाई यांना अधिक जागा दिली आहे.

उगम : लंडनमध्ये १५५२ साली अनाथ व गरीब मुलांसाठी स्थापन झालेल्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेचा लांब निळा अंगरखा व पिवळे पायमोजे हा आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या शालेय गणवेशांपैकी एक मानला जातो. आरंभीचा गणवेश हा असा धर्मादाय कपडा होता. एकाच दात्याने सगळ्यांना दिला, म्हणून तो सारखा झाला. श्रीमंतांच्या निवासी शाळांनी तो एकोणिसाव्या शतकात स्वीकारला आणि त्याला प्रतिष्ठेचा अर्थ चिकटला. खर्च दात्याकडून पालकाकडे गेला तो याच वळणावर. भारतात गणवेश मिशनरी शाळा, इंग्रजी धर्तीच्या निवासी शाळा व सैनिकी शिक्षण देणाऱ्या संस्था यांच्यामार्फत पसरला. जपानमध्ये मुलींचा खलाशी धाटणीचा गणवेश १९२० च्या दशकात रूढ झाला.

मराठी शाळांतील गणवेश : धोतर-सदरा-टोपी आणि परकर-पोलके या घरच्याच कपड्यांत मुले शाळेत जात, तो काळ ओसरल्यावर मुलांसाठी पांढरा सदरा व खाकी चड्डी, मुलींसाठी पांढरा ब्लाउज व निळा स्कर्ट किंवा पिनाफोर ही जोडी राज्यभर स्थिरावली. वरच्या इयत्तांत मुलांना पूर्ण विजार आणि मुलींना सलवार-कमीज आले. खाकीचे स्काउट पथकांच्या पोशाखाशी असलेले साम्य उघड आहे. स्काउट चळवळ भारतात १९०९ साली आली व १९५० मध्ये भारत स्काउट्स अँड गाइड्स ही एकत्रित संस्था झाली. पांढऱ्या सुती सदऱ्याला नीळ व खळ लागे, इस्त्रीशिवाय त्याला आकार येत नसे. पॉलिएस्टर व सूत यांच्या मिश्रणाचे टेरिकॉट आल्यावर धुणे सोपे झाले, रंग टिकू लागला आणि एकच जोड वर्षभर वापरणे घरांना शक्य झाले. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र हे कापड अंगाला चिकटते व घाम शोषत नाही. कापडात सुताचे प्रमाण किती, हा प्रश्न शिस्तीच्या चर्चेत सहसा कोणी विचारत नाही. त्याचा त्रास दुपारी पत्र्याखालच्या वर्गात बसणाऱ्या मुलाला होतो.

कायदा : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१० पासून) याखालील केंद्राच्या नमुना नियमांनुसार शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांना पाठ्यपुस्तके व लेखनसाहित्याबरोबर गणवेशही मोफत मिळण्याचा हक्क आहे. खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलांनाही तो लागू होतो. याच अधिनियमाचे कलम १६ प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई करते, तर कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना. दोन्ही कलमे एकत्र वाचली तर गणवेश नाही म्हणून पहिली ते आठवीच्या मुलाला काढून टाकणे, चारचौघांत उभे करणे किंवा अपमानित करणे यांपैकी कशालाच जागा राहत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने एप्रिल २०१७ मध्ये संलग्न शाळांना आवारात गणवेश व पुस्तके विकणे थांबवण्यास सांगितले.

मोफत गणवेश योजना : सर्व शिक्षा अभियानात वर्षाला दोन गणवेशांसाठी प्रत्येक पात्र विद्यार्थ्यामागे ४०० रुपये मिळत. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत ही रक्कम ६०० रुपये, म्हणजे एका गणवेशाला ३०० रुपये झाली. लाभार्थी पहिली ते आठवीच्या सर्व मुली आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले. दारिद्र्यरेषेवरील इतर मुलगे त्यातून वगळले गेले. एका बाकावरच्या दोघांपैकी एकाला शासनाचा नवा सदरा व दुसऱ्याला नाही, असे चित्र त्यामुळे अनेक वर्षे दिसत राहिले. काही जिल्हा परिषदांनी स्वनिधीतून, काही गावांनी लोकवर्गणीतून ही फट बुजवली. राज्याने आपल्या खर्चाने या मुलांना २०२३-२४ पासून योजनेत घेतले. समतेसाठी गणवेश, असे म्हणणाऱ्या व्यवस्थेकडून हे फार पूर्वीच व्हायला हवे होते.

पैसे कोणाच्या हाती द्यायचे, यावर राज्याचे धोरण वारंवार बदलले. प्रथम ते शाळा व्यवस्थापन समितीकडे जात. समिती गावातून किंवा तालुक्याच्या बाजारातून कापड घेई व शिंप्याकडे देई, नाहीतर तयार गणवेश आणी. २०१७ साली रक्कम विद्यार्थी व आई यांच्या संयुक्त बँक खात्यात थेट जमा करण्याचे ठरले. खाते उघडण्यासाठी लागणारी किमान रक्कम गणवेशाच्या ४०० रुपयांपेक्षा जास्त असल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. पालकांनी आधी विकत घ्यावे, पावती द्यावी आणि मग पैसे मिळावेत, ही अट मजुरीवर जगणाऱ्या घराला जाचक होती. पुढे काम पुन्हा समित्यांकडे आले.

मे २०२३ मध्ये तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी ‘एक राज्य, एक गणवेश’ हे धोरण जाहीर केले. तोवर अनेक शाळांनी कापडाची मागणी नोंदवली होती. म्हणून पहिल्या वर्षी आठवड्याचे तीन दिवस शाळेचा आणि तीन दिवस राज्याचा गणवेश, अशी तडजोड सुचवली गेली. २०२४-२५ मध्ये योजना पूर्णपणे राबवण्यात आली. नियमित गणवेशाला आकाशी सदरा आणि गडद निळी चड्डी, विजार किंवा स्कर्ट. दुसरा गणवेश स्काउट-गाइडचा. कापड राज्यपातळीवर एकत्र खरेदी करायचे, नियमित गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) बचत गटांनी शिवायचा आणि स्काउटचा गणवेश शाळा व्यवस्थापन समितीने स्थानिक पातळीवर शिवून घ्यायचा, अशी विभागणी होती. समितीला एका गणवेशाच्या शिलाईपोटी १०० रुपये व अनुषंगिक खर्चासाठी १० रुपये ठरले. लाभार्थी चाळीस लाखांहून अधिक होते.

कापड उशिरा पोहोचले. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा बहुसंख्य मुले जुन्याच कपड्यांत होती आणि १५ ऑगस्टच्या झेंडावंदनालाही अनेक शाळांत नवा गणवेश आला नव्हता. आला तिथे माप न जुळणे, शिवण उसवणे आणि कापड निकृष्ट असणे अशा तक्रारी नोंदल्या गेल्या. स्काउटच्या गणवेशासाठी ११० रुपयांत शिवून द्यायला शिंपी तयार होईनात, असे मुख्याध्यापक सांगत. २० डिसेंबर २०२४ च्या शासन निर्णयाने केंद्रीय खरेदी व शिलाई बंद झाली आणि २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. बचत गटातील शिवणाऱ्या बायकांवर या अपयशाचे खापर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण कापडाचा गठ्ठा कधी येईल आणि कोणत्या मापाचा येईल, यातले काहीच त्यांच्या हाती नव्हते.

माप व शिलाई : सहा ते चौदा या वयात मूल वर्षभरात बोटभर ते चार बोटे वाढते, तेही सगळी सारखी नव्हेत. एकाच चौथीच्या वर्गात तिसरीच्या अंगाची व सहावीच्या अंगाची मुले असतात. इयत्तेवरून किंवा वयावरून माप ठरवून कापलेला गणवेश म्हणूनच वर्गातल्या बऱ्याच मुलांना बसत नाही. गावातला शिंपी शाळेत येऊन पट्टीने छाती, उंची, कंबर व बाही मोजतो आणि मूल वाढते आहे हे धरून शिवतो. मुलाची आईही हेच सांगून जाते. बगलेच्या व बाजूच्या शिवणीत तो दीड-दोन बोटे माया ठेवतो, चड्डीला व स्कर्टला खाली रुंद दुमड घालतो, कमरेला मागे इलॅस्टिक किंवा आत नाडी देतो. दुसऱ्या वर्षी दुमड उकलून कपडा लांब होतो. उकललेल्या जागी न विटलेल्या कापडाची गडद रेघ दिसते आणि तीवरून कपडा कितव्या वर्षी चालू आहे हे जाणकाराला कळते. त्याच घरातील धाकट्या भावंडाकडे तो पुढे जातो. जास्तीत जास्त नग निघावेत म्हणून यंत्रावर थरावर थर ठेवून कापलेल्या कापडात ही माया उरत नाही, कारण तिला कापड लागते. एका सदऱ्याला हातभर कापड वाचवणारी निविदा कागदावर स्वस्त दिसते, पण तो सदरा दुसऱ्या जूनपर्यंत पोहोचत नाही. निविदेच्या अटींत दुमडीची रुंदी व शिवणीतली माया लिहिणे सहज शक्य आहे. काज-बटणांची मजबुती, सदऱ्याला खिसा आणि मुलींच्या कपड्यालाही खिसा, याही साध्या पण महत्त्वाच्या अटी होत.

सोलापूर हे राज्यातील गणवेश उत्पादनाचे मोठे केंद्र. चादर व टॉवेल यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात तयार कपड्यांच्या लहान-मोठ्या कारखान्यांनी गणवेशात जम बसवला असून देशभरातील शाळांसाठी तेथून माल जातो. उत्पादकांनी २०१७ पासून गणवेशांची स्वतंत्र प्रदर्शने भरवली. काम हंगामी असते. मार्च ते जून ओव्हरलॉक व काज-बटणाची यंत्रे रात्रपाळीतही चालतात, पावसाळ्यानंतर ती थंडावतात. शासनाची मागणी एप्रिलनंतर निश्चित झाली तर ती जूनपर्यंत पुरी होणे अशक्य, हे या धंद्यातील कोणीही सांगू शकेल.

परिणामांचे अभ्यास : अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे १९९४ मध्ये सरकारी शाळांत गणवेश सक्तीचा झाला आणि १९९६ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्याचा पुरस्कार केला. डेव्हिड ब्रन्स्मा व केरी अ‍ॅन रॉकेमोर यांनी १९९८ मध्ये देशव्यापी माहितीच्या आधारे केलेल्या अभ्यासात सक्तीमुळे हजेरी, वर्तन किंवा व्यसने यांवर परिणाम झाल्याचे आढळले नाही. केनियात प्रश्न निराळ्या रीतीने तपासला गेला : गणवेश फुकट दिला तर काय होते? डेव्हिड इव्हान्स, मायकेल क्रेमर व म्युथोनी न्गाटिया यांना गैरहजेरी लक्षणीय घटलेली दिसली, आणि ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता त्यांच्यात ती अधिक घटली. दीर्घकालीन पाहणीत हा परिणाम टिकलेला दिसला नाही. पश्चिम केनियातील ३२८ शाळांत एस्थर डुफ्लो, पास्कालिन दुपास व क्रेमर यांनी केलेल्या प्रयोगात मात्र मोफत गणवेशामुळे शाळागळती तसेच मुलींची अल्पवयातील लग्ने व बाळंतपणे कमी झाली. दोन्ही देशांची परिस्थिती वेगळी असल्याने तुलना जपून करावी लागते. तरीही सक्तीपेक्षा देण्याचा परिणाम मोजता येण्याजोगा दिसतो आणि महाराष्ट्रातील सरकारी शाळांची स्थिती लाँग बीचपेक्षा केनियाला जवळची आहे.

सक्ती व धर्मचिन्हे : कर्नाटकात उडुपी येथील पदवीपूर्व महाविद्यालयातील हिजाबच्या वादानंतर ५ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्य शासनाने गणवेशाबाबत आदेश काढला. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी तो वैध ठरवला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी न्या. हेमंत गुप्ता व न्या. सुधांशू धुलिया यांचे मतभेद होऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्याचे ठरले. मुंबईतील एका महाविद्यालयाच्या पोशाखविषयक सूचनेविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये हिजाब, टोपी व बिल्ले यांवरील बंदीपुरती अंतरिम स्थगिती दिली.

मुलींचा गणवेश : केरळमधील वळयंचिरंगरा येथील शासकीय प्राथमिक शाळेने मुलगे व मुली दोघांसाठी सदरा व गुडघ्याखाली येणारी चड्डी हा एकच गणवेश २०१८ मध्ये स्वीकारला. सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलीला स्कर्ट अडचणीचा होतो आणि पाळी सुरू झालेल्या मुलीला पांढरी सलवार धास्तीची वाटते. रंग व धाटणी ठरवणाऱ्या समितीत मुली व आया असल्या तर या गोष्टी पहिल्याच बैठकीत निघतात.

इतर राज्ये : तमिळनाडूत मोफत गणवेश महिला शिवण सहकारी संस्थांकडून शिवून घेतले जातात. केरळने २०१७ पासून हातमागाचे कापड देण्यास सुरुवात केली.

पादत्राणे : २०२३-२४ पासून राज्याने मोफत गणवेशाबरोबर एक जोडी बूट व दोन जोड्या मोजे यांसाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे १७० रुपये मंजूर केले. शाळा उघडतात त्या दिवसांत कोकण, मावळ व सह्याद्रीच्या पायथ्याला पाऊस असतो. भिजलेले बूट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाळत नाहीत, म्हणून तेथील मुले चपला घालून किंवा अनवाणी येतात. बुटांची सक्ती त्या भागात दिवाळीनंतर करणे योग्य होय.