सहा बोटांचं घराणं

आनुवंशिकतेचा इतिहास म्हटलं की आपण थेट मेंडेलच्या वाटाण्यांपाशी (१८६६) पोचतो. त्याच्या शंभरावर वर्षं आधी, १७५२ साली, बर्लिनमध्ये राहणाऱ्या मोपेर्त्युई या फ्रेंच गणितज्ञाने एका कुटुंबाची नोंद छापली. ती आधी बघा.

याकोब रूहे हा तिथला सर्जन. जन्मतः हातापायांना सहा-सहा बोटं. हे आजीकडून आईकडे आणि आईकडून त्याच्याकडे आलेलं. आईच्या आठ मुलांपैकी चौघांना ती होती, त्याच्या स्वतःच्या सहा मुलांपैकी दोन मुलग्यांना. त्यातल्या एकाच्या डाव्या हातावर जादा बोटाच्या जागी नुसती चामखीळ होती. मोपेर्त्युईने तीही लिहून ठेवली!

त्या काळी बरेच विद्वान मानत, की अख्खा जीव बीजात आधीच तयार असतो. कुणी म्हणे आईच्या, कुणी म्हणे बापाच्या. इथे तर वारसा आईकडून आला आणि बापाकडून पुढे गेला. म्हणजे दोन्ही पक्ष अडचणीत.

पण हा निव्वळ योगायोग असेल तर? ही शंका त्याने स्वतःच घेतली. लाखभर वस्तीच्या शहरात अशी दोनच माणसं सापडली होती. आणखी तीन नजरेतून सुटली असतील असं त्याने धरलं, म्हणजे वीस हजारांत एक. हे धरणं त्याच्याच म्हणण्याला कमकुवत करणारं होतं, हे लक्षात घ्या. तरीही सलग तीन पिढ्यांत असा योगायोग घडण्याची शक्यता आठ लाख कोटींत एक निघाली.