धर्मशिक्षक (भारतीय भूसेना)

भारतीय भूसेनेत जवानांच्या उपासनेची, संस्कारांची आणि सुखदुःखातील सोबतीची जबाबदारी सांभाळणारा कनिष्ठ आयुक्त अधिकारी (जेसीओ). पलटणीत त्याला पंडितजी, मौलवीसाहेब, ग्रंथीजी किंवा पाद्री म्हणतात. पाश्चात्त्य सैन्यांतील चॅप्लेनचा हा भारतीय समकक्ष. ब्रिटिश किंवा अमेरिकी सैन्यात चॅप्लेन आयुक्त अधिकारी असतो. भारतीय धर्मशिक्षक मात्र नायब सुभेदार म्हणून रुजू होतो. त्यामुळे तो अधिकाऱ्यांपेक्षा जवानांच्या अधिक जवळ राहतो, आणि त्याच्या कामाच्या दृष्टीने हे हिताचेच आहे.

भरतीसाठी पदवीबरोबर धर्मविद्येची पात्रता लागते. पंडिताला संस्कृतातील आचार्य, किंवा शास्त्री व कर्मकांडाची पदविका. ग्रंथीला पंजाबीतील ज्ञानी. मौलवीला अरबीतील आलिम किंवा उर्दूतील अदीब आलिम. पाद्र्याला रीतसर दीक्षा झालेली असावी लागते आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत त्याचे नाव असावे लागते. शिवाय 1600 मीटर अंतर 8 मिनिटांत धावून दाखवावे लागते. निवड झालेल्या धर्मशिक्षकांचे प्रशिक्षण पुण्यातील राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते.

नेमून दिलेल्या कामांत पूजाअर्चा आणि प्रवचन येते. पण उरलेली यादी अधिक बोलकी आहे. अंत्यविधीला हजर राहणे, रुग्णालयातील आजाऱ्यांजवळ बसणे, बऱ्या होत असलेल्यांबरोबर प्रार्थना म्हणणे, शिक्षा भोगणाऱ्या जवानांना भेटणे, मुलांना धर्मशिक्षण देणे. कैदेतल्या जवानाकडे वरिष्ठ जातो तो चौकशीला. धर्मशिक्षकाला तिथे काहीच विचारायचे नसते. या पदाचा खरा कस तिथेच लागतो.

जवानाशी त्याची पहिली ठळक गाठ पडते ती कसम परेडला. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगाव केंद्रासारख्या प्रशिक्षण केंद्रांत रंगरूट राष्ट्रध्वजासमोर रांगेत उभे राहतात आणि ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथाच्या साक्षीने शपथ घेतात. शपथेची वाक्ये धर्मशिक्षक मोठ्याने सांगतो आणि रांगा ती उच्चारतात : जमिनीवरून, पाण्यातून वा आकाशमार्गे, जिकडे हुकूम होईल तिकडे जाईन, मग जीव धोक्यात आला तरी. विशीच्या आतबाहेरच्या मुलांना मरणाची शक्यता स्वतःच्या तोंडाने बोलायला लावणारा हा विधी आहे. तो उरकून टाकायचा नसतो, हे चांगल्या धर्मशिक्षकाला ठाऊक असते.

या पदाची पार्श्वभूमी कंपनी सरकारच्या काळातली. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1698 च्या सनदेने किल्ल्यांवर व मोठ्या जहाजांवर पाद्री ठेवणे बंधनकारक केले होते. मुंबईत 1714 मध्ये आलेल्या रिचर्ड कॉब या पाद्र्याने अर्धवट पडून राहिलेल्या चर्चसाठी वर्गणी गोळा केली आणि 1718 च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उपासनेसाठी खुले झाले. चर्चगेट हे नाव त्याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडले. हे पाद्री मुख्यतः गोऱ्यांसाठी होते. देशी पलटणी जात आणि धर्म पाहून बांधल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी पंडित, मौलवी, ग्रंथी ठेवण्याची रीत पडली.

स्वातंत्र्यानंतर ही रीत टिकली, पण एकाच छपराखाली अनेक धर्म आले. जम्मू-काश्मीर लाइट इन्फन्ट्रीत मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा एकत्र असतात. त्याला सरळ ‘एमएमजी’ म्हणतात. इतरत्र सर्वधर्म स्थळ असते. अधिकाऱ्याने स्वतःचा धर्म कोणताही असो, आपल्या जवानांच्या उपासनेत सामील व्हायचे, हा संकेत आहे. मराठा पलटणीतल्या गणपतीच्या आरतीला मराठीचा गंध नसलेला कमांडिंग ऑफिसरही उभा असतो. या संकेताची मर्यादा न्यायालयातही तपासली गेली. पलटणीच्या मंदिर-गुरुद्वाराच्या गाभाऱ्यात जाण्यास नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये कायम ठेवली. शिस्तीचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. तरी उपासनेचे काम हुकमाने किती चालते, हा प्रश्न त्या निकालाने मिटलेला नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या व्यवस्थेत एक उणीव दिसते. भरतीच्या जाहिरातींत बौद्ध भिक्खूचे पद महायान पंथाचे असते आणि ते लडाख स्काउट्ससाठी असते. 1941 मध्ये बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचा इतिहास आणि 1956 चे धम्मदीक्षेचे वर्ष ज्या घरांत अभिमानाने सांगितले जाते, त्या घरांतले जवान आज निरनिराळ्या पलटणींत आहेत. त्यांच्या परंपरेतल्या भिक्खूसाठी जाहिरातीत स्वतंत्र पद नाही. ते असायला हवे.